घड्याळाच्या सेलपासून रूट सर्टिफिकेटपर्यंत

कॉलेजात असताना मी रावेरला एका ई-सेवा केंद्रात बसायचो. शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारे, केळीच्या पीकविम्याची गर्दी. तिथला एक जुना संगणक सकाळी उघडला की साइटमागून साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा द्यायचा. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पुढे ढकल ना भो, रोजचंच आहे ते." दोन महिने मी ढकलत राहिलो, आणि त्याच खिडकीत लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती भरत राहिलो.

एकदा खालचा बारीक मजकूर वाचला. त्यात दोन तारखा होत्या: साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं डिजिटल ओळखपत्र, कधीपासून वैध, आणि आत्ताची वेळ. 'आत्ताची' तारीख कित्येक वर्षं जुनी होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. रात्री लाईट गेली की घड्याळ मागे जायचं. त्या तारखेला ते सर्टिफिकेट जन्मलेलंच नव्हतं. सेल बदलला, इशारा गेला. त्या दोन महिन्यांत खरोखर कुणी मध्ये बसून माहिती चोरत असता, तरी मी असंच ढकललं असतं, हे मनातून जाईना. सर्टिफिकेटांच्या, म्हणजे वेब-सुरक्षेच्या क्षेत्रात मी आलो तो त्यामुळे.

नवीन मुलांचा पहिला गैरसमज ब्राउझरच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राचा असतो: कुलूप दिसलं म्हणजे साइट भरवशाची. जळगावात सोनं घेताना हॉलमार्क शुद्धता सांगतो, सराफाने मजुरी वाजवी लावली की नाही ते सांगत नाही. बहुतेक सर्टिफिकेटंही एवढंच सांगतात, की तुम्ही पत्त्यात लिहिलेल्या डोमेनशीच, म्हणजे साइटच्या नावाशीच, बोलताय. फसवी साइटसुद्धा स्वतःच्या डोमेनसाठी ते घेऊ शकते. क्रोमने 2023 मध्ये ते कुलूप काढलं, ते मला योग्यच वाटतं.

खरा प्रश्न पुढचा: सर्टिफिकेट देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, हे ठरवतं कोण? ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची रूट यादी, म्हणजे सगळ्यात वरच्या, विश्वासू मानलेल्या सर्टिफिकेटांची (रूटची) यादी, आणि ती ठरवणारी माणसं. इथे आपल्याच देशातली घटना अभ्यासा. जुलै 2014 मध्ये एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. त्यांच्या वरचं, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या भारत सरकारच्या नियंत्रकांचं रूट विंडोजच्या यादीत होतं, फायरफॉक्सच्या नव्हतं. म्हणजे एकाच टेबलावरचे दोन ब्राउझर त्याच सर्टिफिकेटकडे वेगवेगळ्या नजरेने बघत होते. नंतर क्रोमने त्या रूटवरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनपुरता ठेवला. सरकारी शिक्का आहे म्हणून कुणी सुटत नाही. 2011 मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत हॅकर शिरले, ब्राउझरांनी तिला यादीतून काढलं आणि त्याच सप्टेंबरात ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

शिकायला महागडा कोर्स लागत नाही. ओपनएसएसएल या फुकट साधनाने घरच्या लॅपटॉपवर स्वतःचं रूट, त्याखाली इंटरमीडिएट (रूट आणि साइट यांना जोडणारं मधलं सर्टिफिकेट) आणि त्याखाली साइटचं सर्टिफिकेट बनवा, आणि ते रूट ब्राउझरांच्या यादीत टाका. मग सर्व्हरवरून मुद्दाम इंटरमीडिएट काढा. एखाद्या ब्राउझरमध्ये साइट तरीही चालू शकते, दुसरीकडे अडेल. ही चूक नोकरीत वारंवार भेटते आणि मुलाखतीतही विचारतात. प्रयोग झाला की ते रूट यादीतून काढून टाका. दुसऱ्या कुणी दिलेलं रूट तर कधीच बसवू नका, समोरचा कितीही ओळखीचा असो. त्याच्या हाती तुम्ही उघडता ती प्रत्येक साइट जाऊ शकते.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या बगझिला या चुका नोंदवायच्या साइटवर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांचे चुकांचे अहवाल खुले असतात. रोज एक वाचा. इंग्रजी जड जाईल, मलाही गेलं. सहा महिन्यांत तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

कामाचं म्हणाल तर सर्टिफिकेटांची कमाल मुदत 398 दिवसांवरून मार्च 2026 पासून 200 आणि मार्च 2029 पासून 47 दिवस असं ठरलंय. हाताने नूतनीकरण करणाऱ्या पतसंस्था, कॉलेजं, बाजार समित्या आपल्याकडे कितीतरी आहेत. ते काम स्वयंचलित करून देणारं माणूस त्यांना लागणार आहे, आणि ते फैजपूर-चोपड्यात बसूनही करता येतं.