गुड फेथ एस्टिमेट: उपचाराच्या तारखेआधी काय काय हातात हवं

अमेरिकेत विमा नसेल, किंवा असूनही तो न वापरता स्वतः पैसे भरणार असाल, तर ठरवून घेतलेल्या उपचाराआधी खर्चाचा लेखी अंदाज, म्हणजेच गुड फेथ एस्टिमेट, मिळणं हा तुमचा हक्क आहे. नो सर्प्रायझेस ॲक्ट या अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धच्या कायद्याखाली तो 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. इमर्जन्सीत तो चालत नाही.

अपॉइंटमेंट घेतानाच ‘सेल्फ-पे’ असल्याचं सांगा आणि अंदाज कागदावर हवा की ईमेलने, तेही सांगून टाका. डॉक्टरांच्या ऑर्डरवरचा कोड, म्हणजे नेमका कोणता उपचार किंवा तपासणी ते सांगणारा आकडा, आधीच मागून घ्या. गुडघ्याचा एमआरआय कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून देतात त्या औषधाशिवाय) असेल तर 73721, कॉन्ट्रास्टसह असेल तर 73722. शेवटचा आकडा चुकला की अंदाज भलत्याच तपासणीचा येतो.

मग दिवस मोजा, तेही फक्त कामकाजाचे. तारीख 10 किंवा जास्त दिवसांवर असेल, किंवा तारीख न ठरवता नुसती चौकशी केली असेल, तर अंदाज 3 दिवसांत यायला हवा. तारीख 3 ते 9 दिवसांवर असेल तर 1 दिवसात. त्याहून जवळची तारीख घेतलीत तर हा हक्क लागू होत नाही, म्हणून घाई नसेल तर थोडी पुढचीच घ्या.

कागद आला की नाव, जन्मतारीख, प्रत्येक सेवेचा कोड आणि रक्कम तपासा. खरा घोळ होतो तो न दिसणाऱ्या नावांमुळे. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी लॅब बहुतेकदा स्वतंत्र बिल पाठवतात, पण हॉस्पिटलच्या अंदाजात त्यांचा पत्ताच नसतो. म्हणून ‘आणखी कोणाकोणाची बिलं येतील?’ हे स्पष्ट विचारा आणि त्या प्रत्येकाकडून वेगळा अंदाज घ्या. यात आळस अजिबात नको, कारण ज्याचा अंदाजच नाही त्याच्या बिलावर पुढे या कायद्याखाली वाद घालता येत नाही.

बिल आल्यावर अंदाज शेजारी ठेवा. एकाच डॉक्टरचं किंवा हॉस्पिटलचं बिल त्याच्याच अंदाजापेक्षा 400 डॉलर किंवा अधिक जास्त असेल, म्हणजे 1,200 चे 1,600 झाले असतील, तर केंद्र सरकारकडे तक्रार करता येते. फी 25 डॉलर, मुदत बिलावरच्या तारखेपासून 120 दिवस. यात सुट्ट्याही धरतात. तक्रार चालू असताना ते बिल वसुलीवाल्यांकडे पाठवता येत नाही.