मोमेंट काढताय? मग या चुका टाळा

जावास्क्रिप्टमध्ये तारखांचं काम निघालं की वर्षानुवर्षं एकच उत्तर असायचं: मोमेंट ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्या टीमनेच जाहीर केलं की आता नवीन काही येणार नाही, फक्त देखभाल होईल, नव्या प्रोजेक्टला ही लायब्ररी घेऊ नका. लक्सन, डे-जेएस, डेट-एफएनएस हे पर्यायही त्यांनीच सुचवले. तेव्हापासून कितीतरी टीमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत, 'मोमेंट काढणे' हे तिकीट (कामाची नोंद) पडून आहे. मग एखाद्या निवांत स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) ते नव्यानं आलेल्या पोराच्या गळ्यात पडतं.

त्या पोरासाठी पहिली गोष्ट: घाई नको. निवृत्त झालं म्हणजे बंद पडलं असं नाही. चालू कोड उद्या मोडणार नाही. तेव्हा आपण हे का काढतोय, ते आधी ठरवा. तक्रार फक्त बंडल, म्हणजे ब्राउझरकडे जाणारी कोडची एकत्र फाइल, फुगल्याची असेल, तर ती बांधणाऱ्या वेबपॅकमध्ये नको असलेले लोकेल (भाषांनुसार तारखांचे नियम) गाळून बघा. अर्ध्या तासात वजन उतरतं आणि तिकीट कदाचित तिथेच संपतं.

एरर नाही, पण तारीखही हलत नाही

सगळ्यात जास्त मार मी इथे खाल्लाय. मोमेंटची तारीख जागच्या जागी बदलते. तिच्यावर 'ॲड' चालवून ७ दिवस मिळवले की तीच तारीख पुढे सरकते, उत्तर कुठे साठवावं लागत नाही. डे-जेएस आणि लक्सन मूळ तारखेला हात लावत नाहीत, नवी तारीख परत देतात. त्यात डे-जेएसमध्ये फंक्शनचं नावही 'ॲड'च. लायब्ररी आत आणणारी इम्पोर्टची ओळ बदलली की सगळं गुपचूप चालतं आणि ते ७ दिवस हवेत विरून जातात.

बुकिंगच्या एका स्क्रीनवर माझा व्हाइल लूप होता: सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेच्या आधी आहे तोवर एकेक दिवस वाढव. लायब्ररी बदलल्यावर तारीख वाढेचना आणि लूप थांबेचना. टॅब गोठला, लॅपटॉपचा पंखा भणभणायला लागला, आणि मी अर्धा तास बॅकएंडवाल्यांच्या नावाने बोटं मोडत बसलो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. 'ॲड', 'सबट्रॅक्ट', 'सेट', 'स्टार्टऑफ', 'एंडऑफ' हे सगळे कॉल शोधून काढा. ज्या ओळीत उत्तर कुठल्या व्हेरिएबलमध्ये जात नाही आणि रिटर्नही होत नाही, ती ओळ संशयित. फंक्शनला दिलेली तारीख आत बदलते आणि बाहेरचा कोड त्या बदलावर विसंबून असतो, असाही प्रकार सापडतो. तो मात्र शोधून मिळत नाही, टेस्टच लागते.

कॅपिटल वाय आणि स्मॉल वाय

तारीख कशी छापायची ते सांगणारी फॉरमॅटची अक्षरं सगळीकडे सारखी नाहीत. मोमेंटमध्ये वर्षाला आणि दिवसाला कॅपिटल वाय, कॅपिटल डी. लक्सन आणि डेट-एफएनएसमध्ये दोन्ही स्मॉल. महिना तेवढा सगळीकडे कॅपिटल एम. मोमेंटची जुनी फॉरमॅट स्ट्रिंग डेट-एफएनएसला दिली तर ते सरळ एरर फेकतं, म्हणजे आपलं भलंच करतं. लक्सन तसं करत नाही. १५ ऑगस्ट २०२४ ही तारीख जुन्या फॉरमॅटने छापली तर आधी चार वाय जसेच्या तसे येतात, मग ०८, आणि दिवसाच्या जागी 'ऑग १५, २०२४' अशी अख्खी तारीख. स्क्रीनवर हे लगेच दिसतं. सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) एक्स्पोर्टमध्ये गेलं तर कुणीतरी फोन करेपर्यंत कळत नाही.

डे-जेएसने मोमेंटचीच अक्षरं ठेवलीत, पण तिथला सापळा वेगळा आहे. आपल्याकडचा दिवस-महिना-वर्ष हा क्रम वाचायला 'कस्टम पार्स फॉरमॅट' हे प्लगइन जोडावं लागतं. ते विसरलात तर फॉरमॅटकडे दुर्लक्ष होतं आणि तारीख ब्राउझरच्या अमेरिकी समजुतीवर जाते. ०५-०४-२०२४ म्हणजे ५ एप्रिलचा ४ मे होतो. १५-०४-२०२४ मात्र अवैध ठरते. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढेच फॉर्म अडतोय अशी तक्रार आली, तर थेट इथे बघा. १ ते १२ तारखांच्या नोंदी तोवर उलट्या होऊन डेटाबेसमध्ये बसलेल्या असतील, त्याही तपासा.

पुण्यात बरोबर, न्यू जर्सीत चूक

लायब्ररीच नको, जावास्क्रिप्टचा स्वतःचा साधा डेट ऑब्जेक्ट पुरे, असं काही जण ठरवतात. त्याला फक्त तारखेची आयएसओ स्ट्रिंग (वर्ष-महिना-दिवस अशी, उदा. २०२४-०३-१५) दिली की तो ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र समजतो. मोमेंट स्थानिक मध्यरात्र समजायचं. भारतात यूटीसीची मध्यरात्र म्हणजे पहाटेचे साडेपाच, तारीख तीच. त्यामुळे इथे सगळं हिरवंगार. अमेरिकेतल्या ग्राहकाला मात्र आदल्या दिवशीची तारीख दिसते.

उलट दिशेने गेलं की फटका आपल्याला बसतो. तारीख साठवताना 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' करून पहिली १० अक्षरं कापायची सवय सोडा. १५ मार्चची भारतीय मध्यरात्र यूटीसीत १४ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा असते. जन्मतारखा एक दिवसाने मागे गेल्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

लहानसहान, पण बोचणारं

दोन तारखांमधलं अंतर काढणारं मोमेंटचं 'डिफ' अपूर्णांक कापून टाकतं, लक्सनचं कापत नाही, म्हणून प्रोफाइलवर वय ३४.५८ दिसतं. लक्सनमध्ये जानेवारीचा क्रमांक १ आहे, मोमेंटमध्ये शून्य. लक्सनचा आठवडा सोमवारी सुरू होतो. मोमेंटमध्ये ते लोकेलवर ठरतं, आणि इंग्रजी व मराठी दोन्हींत रविवार. साप्ताहिक रिपोर्ट रविवारी काढला की सहा दिवसांचा घोळ समोर येतो.

मराठी लोकेल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. मोमेंट त्यात देवनागरी आकडे छापतं आणि वाचतानाही ते परत इंग्रजीत वळवून घेतं. कुणी अशाच तारखा एपीआयला, म्हणजे सर्व्हरकडे, पाठवून साठवल्या असतील, तर नवी लायब्ररी त्या वाचेल असं गृहीत धरू नका.

आणि सगळं काढल्यावर बंडल तेवढंच राहिलं, तर टर्मिनलवर 'एनपीएम एलएस मोमेंट' चालवा, मोमेंट कुणी आत आणलंय ते दिसतं. अँट डिझाइन या स्क्रीनच्या तयार भागांच्या लायब्ररीची चौथी आवृत्ती किंवा आलेख काढणाऱ्या चार्ट-जेएसची दुसरी असेल, तर मोमेंट मागच्या दाराने आत आलेलंच असतं. अँट डिझाइनने पाचव्या आवृत्तीत डे-जेएस घेतलं. म्हणजे तिथे आधी त्या लायब्ररीचं अपग्रेड, मग हे.

टेस्टसाठी माझ्याकडे ठरलेल्या वेळा आहेत: रात्रीचे १२:०५, ३१ जानेवारी अधिक एक महिना, २९ फेब्रुवारी, आणि कुठलाही रविवार. हाच संच टाइमझोन ठरवणारं टीझेड व्हेरिएबल न्यू यॉर्कवर ठेवून पुन्हा चालवतो. टाइमझोनचं नाव थेट 'आशिया/कोलकाता'शी ताडून पाहणारी ओळ दिसली तर ती आधी काढतो, कारण क्रोम अजूनही 'आशिया/कलकत्ता' असंच सांगतो.