खांद्यातले चार स्नायू बोटांनी कसे शोधावेत

ऑक्टोबरची छाटणी झाली, की पुढचे काही महिने निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मांडवाखाली हात वर धरूनच काम चालतं. विरळणी, मग घडांचं डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. संध्याकाळी बाम चोळला जातो तो दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कारण ठणकतं तिथंच. दुखणं मात्र बऱ्याचदा वर, खांद्याच्या हाडाखाली असतं. ती जागा बोटांनी सापडते. सदरा काढून बसा.

उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्या. फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, एक आडवा कंगोरा लागेल. तो धरून बाहेरच्या बाजूला सरकत या. खांद्याच्या टोकाला चपटं हाड लागतं, ते अॅक्रोमियन. हे खांद्याचं छप्पर.

कंगोऱ्याच्या वरच्या खळगीत बोटं दाबून डावा हात थोडासाच बाजूला उचला. खोलवर काहीतरी घट्ट होईल, तो सुप्रास्पायनेटस. त्याच्यावर मानेकडचा मोठा स्नायू पसरलेला असतो, म्हणून हात फार उचलू नका, नाहीतर तोच हाताला लागेल. सुप्रास्पायनेटसची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, छपराखालून जाऊन दंडाच्या हाडाच्या गोळ्याला चिकटते. एरवी ती लपलेली असते. डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवलात, की छपराच्या पुढच्या कडेखाली येते. तिथं हलकं दाबून पाहा. चारांपैकी सगळ्यात जास्त झिजते आणि फाटते ती हीच. हात बाजूने साधारण ६० ते १२० अंशांपर्यंत वर जाताना छप्पर आणि गोळा यांच्यात ती चेपली जाते, आणि विरळणी करणाऱ्याचा हात तासन्‌तास तिथंच असतो!

पुढचा स्नायू चाचपायला घरातल्या कोणालातरी बोलवा. कोपर कुशीला लावून काटकोनात वाकवा आणि मनगटाची मागची बाजू दाराच्या चौकटीवर बाहेरच्या दिशेने रेटा. कंगोऱ्याखाली टणक होतो तो इन्फ्रास्पायनेटस. त्याच्या खाली, काखेच्या बाजूला टेरिस मायनर. तो वेगळा ओळखू आला नाही तरी बिघडत नाही.

चौथा, सबस्कॅप्युलॅरिस, फरा आणि बरगड्या यांच्यामध्ये असल्याने असा चाचपता येत नाही. त्याचं काम पाहायचं. हाताची मागची बाजू कमरेवर टेकवा आणि हात पाठीपासून मागे उचला. उचलला गेला, तर तो काम करतोय.

हे चारही स्नायू गोळ्याला शर्टाच्या कफासारखे वेढून फऱ्याच्या वाटीत धरून ठेवतात, म्हणून नाव रोटेटर कफ. वाटी इतकी उथळ, की त्यांच्याशिवाय गोळा जागेवर राहीलच कसा?

आता एक फरक पाहा. स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो, तर शंका कफावर घ्या. पडल्यानंतर असं झालं तर बाम बाजूला ठेवून लगेच अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. दुसऱ्यानेही उचलला जात नसेल तर सांधाच आखडलाय, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेह असणाऱ्यांना तो जास्त होतो, तेव्हा साखरही तपासून घ्या.