गाळा बुक केलाय आणि बिल्डर ताबा देत नाही? ग्राहक आयोगात जाण्याआधी या चुका टाळा

"कमर्शियल गाळा आहे ना तुमचा, मग तुम्ही ग्राहकच नाही" हे बिल्डरच्या ऑफिसात ऐकून कित्येक जण गप्प घरी बसतात. आणि दुसरीकडे काही जण भाड्याने द्यायला तीन-तीन गाळे घेऊन बिनधास्त ग्राहक आयोगात तक्रार टाकतात आणि काही वर्षं तारखा खाल्ल्यावर त्यांना कळतं की केस तिथे चालणारच नव्हती. दोन्हीकडे पैसा आणि वेळ आपलाच जातो म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये ग्राहक कोण ते दिलंय. पुन्हा विकायला किंवा व्यावसायिक हेतूने घेतलं असेल तर तुम्ही ग्राहक नाही, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की स्वतः काम करून, म्हणजे स्वयंरोजगारातून, फक्त पोट भरण्यासाठी वापर असेल तर तो व्यावसायिक हेतू धरायचा नाही. सगळी भांडणं या दोन ओळींवरच होतात.

पहिली चूक म्हणजे अ‍ॅग्रीमेंटवर 'शॉप' किंवा 'ऑफिस' लिहिलंय एवढ्यावरून निकाल लावून टाकणं. जागेचा प्रकार बघून ठरत नाही हो, ती कशासाठी घेतली यावर ठरतं. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर मुंबईच्या एका हॉस्पिटल ट्रस्टचं प्रकरण होतं, ट्रस्टने नर्सेसच्या राहण्यासाठी 29 फ्लॅट घेतले होते. एवढे फ्लॅट, त्यात घेणारी संस्था, तरी कोर्टाने ट्रस्टला ग्राहक मानलं, कारण नर्सेसची राहायची सोय करण्याचा ट्रस्टच्या नफा कमावण्याशी थेट संबंध नव्हता. खरेदीमागचा मुख्य हेतू काय, हे बघा असं कोर्टाने सांगितलं. त्याच वर्षी परदेशातून परत येऊन स्वतःचा धंदा करायचा म्हणून दिल्लीत जागा बुक केलेल्या एका कुटुंबालाही कोर्टाने ग्राहक धरलं, आणि 2023 मध्ये ऑफिसची जागा स्वयंरोजगारासाठी घेणाऱ्यांची राष्ट्रीय आयोगाने फेटाळलेली तक्रारही सुप्रीम कोर्टाने ग्राहकाची म्हणून मान्य केली. म्हणजे दवाखान्यासाठी गाळा घेणारी डॉक्टर, स्वतः बसून काम करायला ऑफिस घेणारा सीए, टेलरिंगचं दुकान टाकणारी बाई, यांनी आधीच हात टेकायची गरज नाही. उलट राहायचा फ्लॅट असला पण घेऊन विकायचा हाच धंदा असेल तर तिथे ग्राहकपण अडचणीत येतं.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण ती सहज टाळता येते. तक्रार अर्जात "सदर गाळा स्वयंरोजगाराद्वारे उपजीविकेसाठी घेतला आहे" एवढं एकच छापील वाक्य टाकतात आणि पुढे काहीच नाही. बिल्डरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. तुम्ही आधी काय करत होता, हातात कुठलं काम येतं, गाळ्यात नक्की काय सुरू करणार होता, तिथे स्वतः बसणार होता का, घरात दुसरं उत्पन्न किती, हे सगळं अर्जात आणि शपथपत्रात यायला हवं. उदाहरणार्थ असं लिहा: "मी भाड्याच्या जागेत मोबाईल रिपेअरिंग करतो, दुसरा व्यवसाय किंवा नोकरी नाही, हा गाळा मी स्वतः काम करण्यासाठी घेतला, ताबा न मिळाल्याने आजही भाडं भरतोय." आणि याला जोडा भाडेकरार, गुमास्ता लायसन्स, इन्कम टॅक्स रिटर्न, कोर्सचं सर्टिफिकेट, जे असेल ते. कागद बोलले की वाद निम्मा संपतो.

याच्याच उलट बाजूने लोक स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. बँकेच्या लोन फॉर्मवर उद्देशाच्या रकान्यात एजंट सांगतो म्हणून 'इन्व्हेस्टमेंट' वर टिक केलेली असते, बिल्डरला पाठवलेल्या मेलमध्ये "रेट वाढले की विकणार आहे, लवकर ताबा द्या" असं लिहिलेलं असतं, नाहीतर दर महिन्याला ठराविक रिटर्न देणाऱ्या स्कीममध्ये सही केलेली असते. हे सगळं पुढे आयोगासमोर येतं. म्हणून बुकिंगच्या दिवशीच फॉर्म नीट वाचा, आणि जे खरं आहे तेच लिहा, खोटं लिहून पुढे काही वाचत नाही.

दुकानात एक-दोन मदतनीस ठेवले तर स्वयंरोजगार संपतो असा पण एक गैरसमज आहे. 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की स्वतः काम करताना एक-दोघांची मदत घेतली म्हणून माणूस ग्राहक राहत नाही असं नाही. पण सगळं मॅनेजर आणि स्टाफ बघणार आणि तुम्ही फक्त महिन्याला हिशोब घेणार, तर मग अवघड आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर गाळा असेल तर पोट भरण्यासाठीचा मुद्दा फार टिकत नाही, तेव्हा कुणाच्या नावावर घ्यायचं हे आधी वकिलाशी बोलून ठरवा.

सिद्ध कुणी करायचं, यातही गोंधळ असतो. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रम सांगितला. मोबदला देऊन सेवा घेतली हे आधी तक्रारदाराने दाखवायचं, हेतू व्यावसायिक होता हे समोरच्या पार्टीने पुराव्यानिशी सिद्ध करायचं, आणि ते त्यांनी सिद्ध केलं तरच मग उपजीविकेचा अपवाद दाखवायची जबाबदारी परत तक्रारदारावर. त्यामुळे बिल्डरने लेखी जबाबात नुसतं "हे व्यावसायिक आहे" म्हटलं तर घाबरून तक्रार मागे घेऊ नका, पुरावा कुठाय ते विचारा.

जागा कुणाकडून आणि कशी घेतली हेही बघा. लिलावात जशी आहे तशी घेतलेली जागा, किंवा एखाद्या मालकाकडून रिसेलमध्ये घेतलेला तयार गाळा, यात बांधकामाची सेवाच नसते त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बहुतेक बंदच.

आता ज्यांनी खरोखर गुंतवणूक म्हणून घेतलाय त्यांच्यासाठी. ओढूनताणून ग्राहक बनायला जाऊ नका, रेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे जा. रेरा कायद्यातल्या 'अपार्टमेंट'च्या व्याख्येत दुकान, ऑफिस, शोरूम, गोडाऊन सगळं येतं आणि तिथे व्यावसायिक हेतूची अट नाही. ताबा उशिरा मिळत असेल तर कलम 18 खाली पैसे व्याजासकट परत मागता येतात किंवा प्रोजेक्टमध्ये राहून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. ग्राहक आणि रेरा असे दोन्ही रस्ते ज्यांना उपलब्ध आहेत त्यांना निवड करता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकदम तक्रार टाकायची नाही.

मुदत आणि रक्कम याकडे तर कुणी बघतच नाही. ग्राहक तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षं. भरलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 50 लाखांच्या वर ते 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. यात मागितलेली नुकसानभरपाई धरायची नाही.

आणि केस आधीच टाकलीय, त्यात ग्राहक नसल्याचा आक्षेप आलाय, तर निकालाची वाट बघत बसू नका. कागद असतील तर लगेच जादा शपथपत्रासोबत दाखल करण्याची परवानगी मागा. केस खरंच तिथे बसत नसेल तर योग्य ठिकाणी जाण्याची मुभा ठेवून तक्रार मागे घ्यायचा अर्ज करा आणि चुकीच्या ठिकाणी प्रामाणिकपणे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वगळून मिळावा अशी मागणी नव्या ठिकाणी करा, लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या प्रकरणातही कोर्टाने तो मार्ग मोकळा ठेवला होता.