फुलाची सममिती ओळखायची तर पाकळ्या मोजू नका

ताजं, पूर्ण उमललेलं, एकेरी फूल घ्या. डबल जास्वंद, डबल तगर नको. झेंडू आणि सूर्यफूल सुरुवातीला घेऊच नका. ते एक फूल नसतं, असंख्य बारीक फुलांचा गुच्छ असतो.

फूल अगदी समोरून पाहा आणि मध्यावर एक बारीक काडी धरा. पाच पाकळ्या असतील तर काडी एका पाकळीच्या मधोमध आणि समोरच्या दोन पाकळ्यांच्या फटीतून जायला हवी. काडी फिरवत पाचही जागी दोन्ही अर्धे जुळले तर सममिती अरीय, जसा धोतरा. एकाच रेषेवर जुळले तर द्विपार्श्व, जशी गोकर्ण. कुठेच जुळले नाहीत तर असममित.

खरी अडचण यापुढे आहे. ‘पाकळ्या मोजा, पाच सारख्या दिसल्या की अरीय’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. मी तो ऐकला आणि बहावा कित्येक वर्षं अरीय फुलांत लिहीत राहिलो. बहाव्याच्या पाचही पाकळ्या पिवळ्या आणि साधारण सारख्याच असतात, म्हणून डोळा फसतो. आता त्याचे पुंकेसर पाहा. एकूण दहा. त्यातले तीन लांब, वळलेले आणि एकाच बाजूला, बाकीचे आखूड. मधला स्त्रीकेसरही वाकलेला. काडी त्या तीन लांब केसरांतल्या मधल्यावरून धरली तरच अर्धे जुळतात. म्हणजे बहावा द्विपार्श्व. तेव्हापासून मी आधी केसर पाहतो, पाकळ्या नंतर. गुलमोहर त्या मानाने सोपा, कारण त्याची पाचवी पाकळी पांढऱ्या ठिपक्यांमुळे लगेच वेगळी कळते.

दुसरा चकवा एकेरी तगर आणि सदाफुलीचा. त्यांच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका अंगाला झुकलेल्या असतात, त्यामुळे काडीने अर्धे नेमके जुळत नाहीत. घाईने असममित लिहू नका. फूल एका पाकळीपुरतं, म्हणजे ७२ अंश फिरवा. पुन्हा होतं तसंच दिसतं ना? मग ते अरीय. पाठ्यपुस्तकंही त्याला अरीयच म्हणतात.

असममित पाहायचं असेल तर कर्दळ घ्या. तिच्या रंगीत ‘पाकळ्या’ म्हणजे रूप बदललेले पुंकेसर, आणि त्यातल्या एकाच्याच कडेला अर्धा परागकोश असतो. खऱ्या पाकळ्या खाली, अरुंद आणि लहान. काडी कशीही धरा, जुळणार नाही.