कसंतरी होतंय म्हणजे नक्की काय होतंय?

"बाई, प्वाटात कसंतरीच व्हतंय."

दुसरीतली एक मुलगी दर सोमवारी हे वाक्य घेऊन माझ्या टेबलाशी यायची. मी तिला चिमूटभर ओवा चावायला द्यायची, पाणी पाजायची, व्हरांड्यात सावलीला पडायला सांगायची. तासाभरात ती बरी व्हायची. जंताची गोळी देऊन झाली, तपासणीला आलेल्या डॉक्टरांना दाखवून झालं, काही निघालं नाही. मग एकदा वर्गात फरशीवर खडूनं माणसाचं चित्र काढून आम्ही एक खेळ खेळत होतो. 'भीती कुठं बसते?' असं विचारल्यावर तिनं खडा उचलला, चित्राच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "रविवारी बाजार असतो ना बाई. पप्पा पिऊन येत्यात."

सोमवार का, ते तेव्हा कळलं. दीड महिना ती मला सांगतच होती. तिच्याकडे शब्द एकच होता आणि मी त्याला ओवा देत होते.

मी माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन खोल्या, सदतीस मुलं. आरोग्य, भावना, एकमेकांशी वागणं, शरीराची सुरक्षितता या सगळ्याला वेगळा तास नाही. तिसरीपासून परिसर अभ्यासात थोडं येतं, बाकी आपण आणू तेवढं. नवीन रुजू झालेले शिक्षक विचारतात, की हे नेमकं शिकवायचं कसं? एकोणीस वर्षांत मला जे जमलं ते सांगते.

वेळेचं आधी. परिपाठातली दहा मिनिटं आणि खिचडीच्या आधीची दहा मिनिटं, एवढी पुरतात. मात्र रोज हवीत. महिन्यातून एकदा 'आरोग्य दिन' साजरा करून, फोटो काढून काहीच होत नाही.

सुरुवात त्या खडूच्या चित्रापासून करा. एका मुलाला फरशीवर उताणं झोपवायचं, भोवतीनं खडूची रेघ मारायची, त्याला उठवायचं. फरशीवर एक रिकामा माणूस उरतो. प्रत्येकाच्या हातात एक खडा. आता विचारा, राग आला की अंगात काय होतं? आपली भाषा इथं फार कामाला येते. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, कान गरम होतात, हातपाय गार पडतात, तळपायाची आग मस्तकात जाते. मुलांनी हे सगळं घरी आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. ते आपल्या अंगात शोधायचं असतं, हे मात्र त्यांना ठाऊक नसतं. खडा ठेवायचा आणि वाक्य पुरं करायचं : 'माझ्या घशाला कोरड पडते, जेव्हा…' पहिल्या दिवशी सगळे 'साप दिसल्यावर' म्हणतील. म्हणू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'पाढे विचारल्यावर' येतं, 'आई रडल्यावर' येतं. त्या वेळी चेहरा बदलू नका, 'अरेरे' म्हणू नका, सगळ्यांदेखत पुढचा प्रश्न विचारू नका. 'बरं, इथं ठेव खडा' एवढंच. नंतर एकट्याला गाठा. आणि कुणाला सांगायचं नसेल तर त्यानं नुसता खडा ठेवावा, ही मुभा पहिल्या दिवसापासून द्या.

राग, भीती, लाज, हेवा, कंटाळा, एकटं वाटणं हे शब्द भिंतीवर लावले, की 'कसंतरी' हळूहळू कमी होतं. ज्या दिवशी पहिलीतलं पोर "मला हेवा वाटतोय, त्याला नवं दप्तर आणलंय" असं म्हणतं, त्या दिवशी मला एखाद्याला भागाकार आल्याएवढा आनंद होतो.

हात धुण्याबद्दल मुलांना सगळं पाठ असतं, पण धुतले जात नाहीत. माझा पाठ असा : खोबरेल तेलात कोळशाची पूड कालवायची आणि प्रत्येकाच्या तळहाताला बोटभर लावायची. आधी नुसत्या पाण्यानं धुवायला सांगायचं. काळं तसंच राहतं, सगळे ओरडतात. मग साबण द्यायचा, पण डोळे मिटून धुवायला सांगायचं. 'झालं' म्हणाले की डोळे उघडायचे आणि कुठं राहिलं ते शोधायचं. जवळजवळ सगळ्यांचं त्याच ठिकाणी राहतं : अंगठ्याची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. ते काळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं मूल पुढं अंगठा चोळून धुतं, त्याला सूचना लागत नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे नळाखाली हात धुवा हे सांगणंच चुकीचं. पाच लिटरचा तेलाचा कॅन घ्या, झाकणाखाली चार बोटांवर गरम खिळ्यानं दोन भोकं पाडा, कॅन मुठीतून आडव्या काठीला अडकवा, गळ्याला सुतळी बांधून तिचं टोक जमिनीवरच्या काठीला बांधा. काठीवर पाय दिला की कॅन झुकतो, बारीक धार लागते. पाय काढला की बंद. मळक्या हातानं कशालाच शिवावं लागत नाही आणि एका कॅनात बरीच मुलं आटोपतात. साबण उघडा ठेवू नका, कावळा पळवतो. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून टांगा.

गोळ्यांचं थोडक्यात, पण महत्त्वाचं. जंताची गोळी, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, चावून खायची आणि ती आपल्यासमोर. मूल त्या दिवशी आजारी असेल तर देऊ नका. जंत जास्त असलेल्या मुलाला गोळीनंतर पोटात दुखू शकतं, मळमळू शकतं. हे पालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर एका पोराला उलटी झाली की गाव पुढच्या वर्षी गोळीच घेऊ देत नाही. आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी उपाशीपोटी नको, खिचडीनंतर द्या. आणि तिच्यामुळे शी काळी होते, हे मुलांना आधीच सांगा. आमच्याकडे एक मुलगा दोन दिवस कुणालाच काही न बोलता घाबरून बसला होता.

उवा, खरूज, वाहणारं नाक, ओली झालेली चड्डी यातलं काहीही वर्गासमोर बोलायचं नाही. 'सगळ्यांनी बघा हिची नखं' असं म्हणून नखं स्वच्छ होत नाहीत. त्या मुलीचा हात मात्र पुढच्या वेळी दप्तराखाली जातो. शाळेच्या कपाटात एक नेलकटर, एक फणी, दोन चड्ड्या आणि एक फ्रॉक ठेवा. गरज पडली की चुपचाप द्या आणि परत मागू नका.

मिश्रीचं सांगायलाच हवं. दाढ दुखते म्हणून आजीनं दिली, असं सांगत दुसरीतली मुलं मिश्री लावून आलेली मी पाहिली आहेत. इथं घाई झाली की सगळं बिघडतं. 'मिश्री वाईट' म्हणालात की मुलाला ऐकू येतं, 'तुझी आजी वाईट'. ते आजीच्या बाजूनं उभं राहणार आणि राहिलंच पाहिजे. मी वर्गात एवढंच सांगते, की मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, त्याची अंगाला सवय लागते, आजीला ती लागली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग माता-पालक सभेला आजीलाच बोलवते. एका आजीनं सभेत उभं राहून सांगितलं, की मला सुटंना, पण नातवाला देणार न्हाई. माझ्या दहा पाठांनी झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, हेही त्याच सभेत वाचून दाखवा. दुकानदाराशी शिक्षकानं एकट्यानं भांडू नये, शाळा व्यवस्थापन समितीनं जाऊन सांगावं.

एकमेकांशी वागण्याचं शिक्षण पंगतीत होतं. खिचडीला बसताना मुलं आपोआप आळीआळीनं बसतात. गावातली आळी म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. मी डब्यात नंबरांच्या चिठ्ठ्या ठेवते. जो नंबर येईल त्या जागी बसायचं, वाढायला रोज वेगळी चार मुलं. सुरुवातीला एका घरातून कुरबुर आली. मी त्यांना म्हटलं, उद्या जेवायच्या वेळी या, तुमच्या हातानं वाढा. ते आले आणि वाढून गेले. चिठ्ठ्या चालू आहेत.

आता ज्याला शिक्षक सर्वांत घाबरतात ते. शरीराच्या सुरक्षिततेचा पाठ पहिलीपासूनच घ्यायचा. पालकांना आधी बोलवा आणि कोणते शब्द वापरणार ते त्यांच्यासमोर म्हणून दाखवा. पहिली-दुसरीत मी घरातलेच शब्द घेते : शूची जागा, शीची जागा, छाती, ओठ. मूल उद्या आजीला काही सांगेल, तर आजीला कळलं पाहिजे. तिसरी-चौथीत शिश्न, योनी हे शब्दही सांगते, नाक-कान सांगते त्याच आवाजात. दोन मिनिटं खुदुखुदू हसतात, मग थांबतात. चौथीत पाळीबद्दलही गावातल्या आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना बोलावून बोलते, कारण काही मुलींना ती नवव्या-दहाव्या वर्षीच येते.

नुसतं 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' पुरत नाही. ओळखीचा माणूस खाऊ देऊन, गोंजारून हात लावतो तेव्हा मुलाला ते वाईट वाटेलच असं नाही, नुसता गोंधळ उडतो. म्हणून मी दोन गोष्टी पक्क्या करून घेते. एक, चड्डीच्या आतल्या जागी कुणी हात लावायचा नाही, आपला हात स्वतःच्या तिथं लावून घ्यायचा नाही, कुणाचं बघायचं नाही, दाखवायचं नाही. आई आंघोळ घालते किंवा डॉक्टर आईसमोर तपासतात, ते वेगळं. दुसरी, गंमत आणि गुपित यातला फरक. वाढदिवसाला काय आणलंय ती गंमत, ती चार दिवसांनी सगळ्यांना कळते. 'कुणाला कधीच सांगायचं नाही' असं मोठं माणूस म्हणालं, तर ते गुपित, आणि ते त्याच दिवशी सांगायचं. मग हाताच्या पाच बोटांवर पाच माणसं ठरवायची, ज्यांना सांगता येईल. एकानं ऐकलं नाही तर पुढचं बोट.

ओरडायचा, पळायचा सराव घ्या. पण 'तू ओरडली का नाहीस?' हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ देऊ नका. भीतीनं आवाज फुटत नाही, पाय उचलत नाहीत, हे मुलांना आधीच सांगा आणि त्यात त्यांची चूक नसते, हेही.

तक्रारपेटी शाळेत असते, पण पहिलीतल्या मुलाला लिहिता कुठं येतं? आणि पेटीशी गेलेलं मूल सगळ्यांना दिसतं. आमच्याकडे दर शुक्रवारी सगळेच आपापलं नावाचं कार्ड पेटीत टाकतात. ज्याला माझ्याशी एकट्यानं बोलायचंय, त्यानं मागं ठिपका काढायचा. सदतीस कार्डं पडतात, ठिपका कुणाचा ते फक्त मला कळतं. बहुतेक ठिपके पेन्सिल चोरल्याचे असतात. तेही तेवढ्याच गांभीर्यानं ऐकते, कारण पेन्सिलीचं ऐकणाऱ्या बाईंनाच मूल पुढचं सांगतं.

आणि खरंच काही सांगितलं तर? ऐका. मध्ये बोलू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणा. मुलाचेच शब्द, तारीख, वेळ लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारून खात्री करत बसू नका, ते आपलं काम नाही. ज्याचं नाव आलं त्याला बोलावून जाब विचारू नका, गावातल्या चार माणसांत मिटवायला तर मुळीच देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. 1098 हा बालकांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालतो, तिथंही विचारता येतं. मुलाचं नाव कुठंही फुटता कामा नये, स्टाफरूममध्येसुद्धा.

त्या सोमवारच्या मुलीचं प्रकरण इथवर गेलं नाही. तिच्या आईशी बोलले, आई रडली, आणि बाजारच्या रात्री मुलीनं वाडीवरच्या आजीकडे झोपायचं ठरलं. बाप अजून पितो. मुलगी सोमवारी खिचडी पोटभर खाऊ लागली.

चौथीनंतर आमची मुलं तीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जातात. जाताना त्यांना एक काम देते : आठवडाभरात तिथलं एक मोठं माणूस शोधायचं, ज्याला सांगता येईल. शनिवारी दुपारी ती येऊन मला सांगतात, कुणी शिपाईमामांचं नाव घेतं, कुणी गणिताच्या सरांचं. ज्याला कुणीच सापडलेलं नसतं, त्याच्या नव्या वर्गशिक्षकांना मी त्याच संध्याकाळी फोन करते.