बर्फातली गाडी आणि पायाखालच्या मॅट्स: या चुका टाळा

विंटर टायरसाठी हजार-बाराशे डॉलर मुकाट्याने मोजणारा माणूस फ्लोअर मॅटची वेळ आली की हात आखडता का घेतो, हे कोडं मला टोरोंटोत इतकी वर्षं काढूनही सुटलेलं नाही. "पायाखालीच तर टाकायची, काहीही चालतं." नाही चालत. पुण्यात पावसाळ्यात मॅट भिजली तर उघडीप मिळाली की वाळते. इथे नोव्हेंबर ते मार्च बुटांना चिकटून गाडीत येतो तो बर्फ, वाळू आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ यांचा काला. तो हीटरच्या उबेने वितळतो, कार्पेटमध्ये मुरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो.

नुसतं 'ऑल वेदर' वाचून सपाट मॅट उचलणं

दर हिवाळ्यात हीच चूक. दुकानाच्या दाराशी ढीग लावलेला असतो, किंमत तीस-चाळीस डॉलर, वर उथळ खाचा, आणि कडेला काठ म्हणाल तर नखाएवढा. मॅट म्हणजे परात हवी, पोळपाट नव्हे. बूट टेकवला की बर्फ वितळून पाणी होणार, आणि वळणावर ते एका बाजूला धावणार. काठ नसेल तर ते सरळ कार्पेटवर.

आमच्या ओळखीतल्या एका नाशिककर मुलाने इथे आल्यावर पहिली गाडी घेतली आणि असल्याच मॅट्स टाकल्या. जानेवारीत त्याचा फोन. "काका, सकाळी काच खरवडावी लागतेय. बाहेरून नाही हो, आतून!" तोवर एका गॅरेजवाल्याने हीटर कोअर, म्हणजे गाडीतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय असं सांगून बक्कळ खर्चाचा आकडा त्याच्या हातात दिला होता. मी आधी काचेवरून बोट फिरवलं. हीटर कोअर गळत असला तर काचेवर तेलकट थर येतो आणि गाडीत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास मारतो. इथे दोन्ही नव्हतं. मग ड्रायव्हरची मॅट उचलली आणि कार्पेट अंगठ्याने दाबलं, तर अंगठ्याभोवती पाणी वर आलं. कार्पेटच्या खाली जाड फोम असतो. वरून हाताला नुसतं दमट लागत होतं, पण खालचा फोम थबथबलेला होता. दिवसा हीटर लावला की त्याची वाफ व्हायची आणि रात्री गाडी गार पडली की ती काचेवर गोठायची.

यावर त्याने काय करावं? हेअर ड्रायर फिरवला आणि कार्पेटचे वरचे तंतू कोरडे झाल्यावर पुन्हा त्याच मॅट्स टाकून मोकळा झाला. दोन दिवसांत परत तेच. इथे नेमकं काय होतं ते समजून घ्या. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, उणे 10 अंशांच्या आसपास दमतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइडसारखी रसायनंही वापरतात, आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतं. ते कार्पेटमध्ये असेपर्यंत तुम्ही कितीही वाळवा, ते पुन्हा दमट होणार. म्हणून आधी धुवायचं आणि मग वाळवायचं. आम्ही भाड्याचं कार्पेट धुण्याचं मशीन आणलं, कोमट पाणी मारून ते ओढून घेतलं आणि ओढलेलं पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत तेच करत राहिलो. मग दाराच्या पट्टीखालचं कार्पेट उचलून त्याखाली लाकडाचे तुकडे सारले आणि उबदार गॅरेजात पंखा व डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावून गाडी आठवडाभर सोडली. "आठवडाभर?" म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. घाई असेल त्याने बस पकडावी. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात, ते एअरबॅगचे असतात. तिथे ओढाताण करू नका.

त्यामुळे काठ बघून घ्या. मला निदान बोटाचं एक पेर उंच लागतो, आणि डावा पाय टेकवतो ती जागा झाकणारी मॅट असेल तर उत्तम. गाडीच्या मापानुसार साच्यात बनवलेल्या मॅट्सचा पुढचा-मागचा सेट साधारण दीडशे ते तीनशे डॉलरला पडतो. महाग वाटतो खरा, पण एकदा कार्पेट उचलून बघा, मग वाटणार नाही.

मॅटवर मॅट

खाली कंपनीची कापडी मॅट आणि वर रबरी. "काका, खालची चांगली राहते ना!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कापडी मॅटला गाडीच्या तळातल्या हुकांनी धरलेलं असतं. वर टाकलेलीला कोण धरणार? ती पायाच्या प्रत्येक हालचालीने इंचइंच पुढे सरकते आणि एक दिवस ऍक्सिलरेटरवर जाऊन बसते.

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. 28 ऑगस्ट 2009 रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या सँटी इथे डीलरने तात्पुरती दिलेली एक लेक्सस ईएस 350 सुसाट सुटली. आतले चौघेही गेले. गाडी चालवणारा माणूस हायवे पॅट्रोलचा, म्हणजे महामार्ग पोलिसांचा, अधिकारी होता, म्हणजे त्याला गाडी आवरता येत नव्हती असं म्हणायची सोय नाही. तपासात निघालं की त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची ऑल वेदर मॅट टाकलेली होती, ती हुकांना अडकवलेली नव्हती, आणि ऍक्सिलरेटर तिच्यात अडकला. पुढच्याच महिन्यात टोयोटाने मॅटच्या कारणावरून अमेरिकेतल्या सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोष काढायला गाड्या परत बोलावणं, जाहीर केला.

माझी सवय अशी: नवी मॅट टाकली की जुनी गाडीतून बाहेर. हूक अडकवायचे आणि मॅट हाताने पुढे-मागे जोरात ओढून बघायची. मग इंजिन बंद ठेवून ऍक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबायचा आणि सोडायचा. तो कुठेही न घासता परत आला पाहिजे. गाडी धुऊन आणली की हे पुन्हा करायचं, कारण धुणारी पोरं मॅट नुसती भिरकावतात. आणि चालत्या गाडीत ऍक्सिलरेटर अडकलाच, तर वाकून मॅट ओढत बसू नका. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबून-सोडून पंप करू नका, गिअर न्यूट्रलला टाका आणि कडेला घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

मॉडेलचं नाव जुळलं म्हणजे मॅट बसेलच असं नाही. साल, हायब्रिड की पेट्रोल, मधल्या रांगेत बाक आहे की दोन सुट्या खुर्च्या, सगळं बघा. भारतातून येणाऱ्या सासऱ्यांना "तिकडे स्वस्त मिळतात, घेऊन या" म्हणणारेही भेटतात. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, महाराज.

नूडल मॅट आपल्याकडे धुळीसाठी ठीक. इथे त्या वेटोळ्यांत मीठ आणि वाळू बसली की एप्रिलपर्यंत निघत नाही.

कात्रीने कापून बसवायच्या मॅट्सबद्दल मला काही बोलायचं नाही. कापताना काठही कापला जातो, एवढंच.

गुंडाळून आलेली मॅट थेट उणे 15 मध्ये उलगडून बसवू नका. कडक झालेली असते, कोपरे वर राहतात आणि स्वस्त पीव्हीसी असेल तर चिरतेही. रात्रभर घरात सपाट पसरून ठेवा. रबराचा वास येतो म्हणून घरचे कुरकुर करतील, करू द्या.

मॅट चमकवायला टायरचा स्प्रे मारणाऱ्यांना हात जोडून सांगतो, बंद करा. ओला बूट त्यावरून ब्रेकऐवजी भलतीकडे घसरतो. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे.

मागच्या सीटसाठी "नंतर घेऊ" म्हणू नका. सगळ्यात जास्त बर्फ शाळेतून येणाऱ्या मुलांच्या बुटांतून येतो.

मॅटमध्ये साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी काढा. लोक मॅट उचलायला जातात आणि अर्धं पाणी कार्पेटवर सांडतात. आधी जुन्या टॉवेलने टिपून घ्यायचं, मग चारी काठ आत वळवून उचलायचं. कार्पेटवर मिठाचे पांढरे डाग पडलेच, तर कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर समसमान घेऊन फवारा, थोडं थांबा आणि कोरड्या फडक्याने दाबून टिपा. घासलंत तर डाग आणखी खोल जातो. दोन दिवस गाडीला लोणच्याचा वास येईल, तेवढा सोसा.